जावयाच्या नावानं

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या पोरींपाशी नाही. कार्यक्रमात कोणीतरी हमखास विचारतं — बाई, तुम्ही कधी टोपणनावानं लिहिलंत का? मी पदर सावरते, हसते आणि चक्क नाही म्हणते. इतक्या सफाईनं म्हणते, की कधीकधी माझाच विश्वास बसतो. पण तुम्ही घरचेच. तुमच्यापासून काय लपवायचं?

माणूस टोपणनाव का घेतो? कोणी सरकारी नोकरीपायी घेतो, कोणी लाजेपायी. कोणाला स्वतःचं नाव फारच साधं वाटतं. माझं कारण एकच होतं — सासू. आणि गंमत अशी, की मला तिची जेवढी भीती होती, तेवढीच ती मला आवडायचीसुद्धा.

देश स्वतंत्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती तेव्हा मी मुर्रीला सून म्हणून आले. सातवी पास सून, म्हणजे गावात कौतुकच. हे गोंदियाला तांदळाच्या मिलमध्ये कामाला जायचे आणि येताना नागपूरचं एक साप्ताहिक घेऊन यायचे. आत्याबाईंना — आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो — अक्षरओळख नव्हती, पण वाचून घ्यायची हौस दांडगी. दुपारी त्या सुपात लाखोळीची डाळ निवडायच्या आणि मी पहिल्या पानापासून तेलाच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचायची. एखादी ओळ गाळली तर लगेच पकडायच्या! कशा, देव जाणे.

अशी बाई समोर असल्यावर लिहायला दुसरा विषय शोधायचा तरी कशाला? पण सुनेनं सासूची गंमत करायची, तीही छापून? तोबा तोबा. तिथून थेट माहेरची वाट. जावयाचं मात्र वेगळं असतं. आमच्याकडे जावई म्हणजे देव. त्याचे पाय सासू स्वतः धुते, त्याच्यापुढे तीच वाकते. त्यानं काही टोचून बोललं तरी सगळे त्याला थट्टा म्हणतात. मग मी काय केलं? खाली सही ठोकली — एक जावई. माझा धाकटा भाऊ नागपूरला शिकत होता, तो कागद नेऊन द्यायचा. त्याला मी आईची शपथ घातली होती, आणि त्यानं ती पाळली.

आता विचार करा. माझाच लेख, माझ्याच तोंडून, जिच्यावर लिहिला तिलाच वाचून दाखवायचा! केवढं सुख होतं ते! आत्याबाई हसून हसून डोळे पुसायच्या. त्या लेखातल्या सासूला नावं ठेवायच्या. म्हणायच्या, कोणाची सासू होय वो हे, लयच चिंगूस दिसते. मी पदराचा बोळा तोंडात कोंबायची. त्या दुपारइतकी मी पुढं कोणत्याही सत्कारात खूश झाले नाही, खरं सांगते.

मग तुपाचा लेख आला. आत्याबाईंची तूप वाढायची एक रीत होती. त्या पळी भरून जावयाच्या ताटावर धरायच्या, आणि तो पुरे म्हणेपर्यंत धरूनच ठेवायच्या — न वाकवता. जावई बिचारा लाजेनं लगेच पुरे म्हणायचा. पळी आली तशी भरलेली परत. हे मी जसंच्या तसं लिहिलं होतं. मी वाचत गेले आणि सुपातला हात थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या, "हे तं माह्यंच घर होय. अना माह्या हातचं ताट तं एकच जावई जेवते."

एकच जावई. वत्सलाताईंचे, म्हणजे माझ्या नणंदेचे मालक — बिरसीचे गोपाळराव. चौथी शिकलेले, धानाच्या बांधीत रमणारे, चार माणसांत बसले तर हूं आणि बरं यापलीकडे न जाणारे. त्यांनी लेख लिहिला म्हणे! तिथेच बोलायचं होतं मला. ताटासमोर जावई बसतो खरा, पण मागं भाताचं भांडं धरून उभी कोण असते? बोलले का? छे. पुढची बातमी वाचायला घेतली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी लेक-जावयाला आणायला भाऊ रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून जातो. रेंगी आली नाही तर लेकीनं समजायचं, माहेरचं दार लागलं. त्या वर्षी आत्याबाईंनी रेंगी जुंपू दिली नाही. यांनी काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, त्याले आपल्या घरचं तूप पुरत नाही. बिरसीला वत्सलाताई नवं लुगडं नेसून, तान्ह्या पोराला काजळ घालून, दिवसभर दारात बसून होत्या. हे मागाहून कळलं. आणि मी? मी त्या दिवशी मंडईत जिलेबी खाल्ली. पाळण्यात बसले. ओरडले, हसले. मजा आली मला — हेही सांगायलाच हवं ना?

धान चुरायचे, मळणीचे दिवस आले तेव्हा गोपाळराव एकटेच आले. पायी. बायकोचं रडणं थांबत नव्हतं, आणि सासूचा राग कशावर आहे ते कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मी पाय धुवायला पाण्याचा गडू घेऊन अंगणात गेले. त्यांनी गडूकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत्याबाईंपुढे गेले आणि वाकले. जावई सासूपुढे वाकला! शेजारच्या बाया कुडावरून डोकावायला लागल्या.

"मीच लिवलं, मामी," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

मी तिथंच होते, गडू हातात धरून. एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. नाही बोलले.

आत्याबाईंना रडू फुटलं. त्या दिवशी पळी अशी वाकली, की ताटात तुपाचं तळं झालं. आणि पुढे तर उलटंच झालं. आपला जावई लेखक आहे हे त्या गावभर सांगत सुटल्या! पुढच्या मंडईला गोपाळरावांना पाटलाच्या शेजारी खुर्ची. गळ्यात झेंडूचा हार. वत्सलाताई तर अशा मिरवत होत्या, की त्यांच्याकडे पाहून मीही हसले असते. पण मी जळत होते. शिव्या होत्या तोवर त्या त्यांच्या, तेव्हा मी गप्प होते. हार आला तर तो माझा? मन तसंच म्हणत होतं, काय करू! मी लिहिणं बंद केलं. मुद्दाम. बघू या, म्हटलं, हा लेखक आता काय लिहितो ते.

लोक त्यांना अडवून विचारायचे, का गा, आता काऊन लिवत नाही? ते म्हणायचे, हात दुखून राहिला. उन्हाळाभर त्यांचा हात दुखत राहिला, आणि मी मनातल्या मनात खूश होते. किती हलकी होते मी! आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि एके दिवशी अंक उघडला तर आत लेख — खाली सही, एक जावई. मी लिहिला नव्हता. अंक मिटूनच टाकणार होते, पण समोर सूप घेऊन आत्याबाई बसलेल्या. वाचावंच लागलं. छोटासाच होता, वाक्यं ओबडधोबड. जावयाचे पाय सासू धुते तेव्हा त्याला ते पाय कुठं लपवू असं होतं, असं लिहिलं होतं. आई लहानपणीच वारली, म्हणून वाकायला त्याला कोणी नव्हतं. एकदा घरात काही चूक झाली. कोणाची झाली ते सोडा, पण त्या निमित्तानं वाकायला मिळालं, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं. बस, एवढंच. मी एक शब्द गाळला नाही.

आत्याबाई डाळीतला खडा हातात घेऊन बसून राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो — आणि तेच मला सोसेना.

"आता लिवला जावयानं," त्या म्हणाल्या. "आतावरी सुनेवानी लिवत होता."

आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या. त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या, गोपाळरावही जगले. दोघांपैकी कोणी मला कधी काही विचारलं नाही, आणि मी कधी काही सांगितलं नाही. तो एक लेख त्यांचा. बाकीचे सगळे माझे. आणि त्या वर्षी वत्सलाताई मंडईला आल्या नाहीत, तेही माझंच.