समासातलं वचन

पप्पा गेल्यावर आज त्यांचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं. मिशनच्या शाळेत शिकवायचे तेव्हा प्रत्येक धड्याच्या समासात ते पेन्सिलीने पवित्र शास्त्रातलं एक वचन लिहायचे. फुलांच्या धड्यापाशी रानफुलांचं, पावसापाशी मेघधनुष्याचं. "वचन नाही असा विषयच नाही, बेबी," म्हणायचे. मी म्हणायचे, "मग बेडकाचं सांगा!" तेही त्यांना सापडायचं.

रक्ताच्या धड्यापाशी मात्र समास फाटलेला होता. आई रक्ताच्या कॅन्सरने गेली, तेव्हा पप्पाच सगळ्यांना धीर देत होते. इथलं वचन त्यांनी कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं होतं.

त्यानंतरही सात वर्षं त्यांनी हा धडा शिकवला. दरवर्षी या भोकापाशी येत असतील. आणि घरी मी त्यांना बेडकांवरून चिडवत होते.