कडीतली तार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाईजा घरामागच्या राबाची कड झाडत होती. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पातेरा असे थर रचले होते. ते भाजले की राब तयार. टोकावड्याच्या वर असलेल्या या पाड्यात हे काम एप्रिलमध्ये, वारा उठायच्या आत उरकतात. आग भडकू नये म्हणून तिने थरांवर माती पसरली. सहा वीसला काडी लावली. साडेनऊला धूरही बारीक झाला होता. राब विझला असं तिने धरलं.

बाईजा पंचेचाळीस वर्षांची आहे. नवरा मनोज मुरबाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. घरी असतात ते सासरे, महादू. दोन वर्षांपूर्वी ते जांभळाच्या झाडावरून पडले. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही.

"बाबा, विहिरीवर जाते. कडी लावते."

"लाव. तार पण पिळ. कालचं माकड परत येल. तुझ्या हातची भाकर त्यालाच आवडते गो."

"ते तरी नावं नाय ठेवत."

पाड्यातली माकडं कडी सरकवायला शिकली होती. पीठ सांडत, भाकऱ्या नेत, खाटेवरच्या महादूंना दात दाखवत. म्हणून बाईजा कडीच्या भोकातून घर बांधताना उरलेली तार ओवायची आणि पकडीने पिळून टाकायची. पकड कमरेला खोचून न्यायची. असं दीड वर्ष चाललं होतं.

विहीर खाली, पंधरा मिनिटांवर. दहा वाजून पाच मिनिटांनी तिथल्या करंजाची पानं हलली. वारा खालून वर, पाड्याकडे होता. दुसरा हंडा भरताना तिने वर पाहिलं. धूर जाड आणि पांढरा होता. राबाचा धूर असा नसतो, हा पेंढ्याचा होता. आणि पेंढ्याची उडवी घराच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली रचलेली होती.

हंडे तिथेच ठेवून ती निघाली. ती ओरडली नाही. ओरडायला दम लागतो आणि तो तिला चढावर हवा होता. हात कमरेच्या पकडीवर होता. पकड वाटेत पडली, तर विहीरभर पाणीही उपयोगाचं नव्हतं.

उडवी पेटली होती. घराला आग लागली नव्हती. भिंती विटांच्या, दार पत्र्याचं. पण खिडकीच्या गजांतून सगळा धूर आत शिरत होता. शेजारचा दामू दाराशी नुसत्या बोटांनी तार उलगडत होता. बोटांना रक्त आलं होतं.

"काका, बोलत ऱ्हा."

"बोलतोय रे." आवाज उंबऱ्याजवळून आला. महादूंनी स्वतःला खाटेवरून खाली टाकलं होतं आणि कोपरांवर सरकत दाराच्या फटीला तोंड लावलं होतं. "कुडाचं घर होतं तवा बरं होतं, दाम्या. कोयत्यानं भिंत फाडली असतीस."

बाईजाने पकड तारेला लावली आणि फिरवली. चुकीच्या बाजूला. तार आणखी आवळली. आतलं खोकणं थांबलं.

"बाबा."

तिने पकड त्याच बाजूला आणखी रेटली.

"उलटं फिरव," दामू म्हणाला. "बाईजा, उलटं."

तिसऱ्या वेढ्याला तार सुटली. दोघांनी दार बाहेर ओढलं, महादूंना काखेत धरून आंब्याखाली आणलं. चेहरा काळवंडला होता. काही मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दामूच्या घरून तांब्या आला.

राबावर माती जाड पडली होती. खाली निखारे तसेच राहिले, वाऱ्याने उघडे पडले आणि ठिणग्या पेंढ्यावर गेल्या, असं दामूने नंतर उकरून दाखवलं.

मनोज दुपारी चारला आला. डॉक्टर येऊन गेले होते. त्याने काळी भिंत पाहिली, मग सुटी तार.

"आणि माकडांचं काय करायचं?"

"खाऊ दे त्यांना."

"पीठसुद्धा?"

"पीठसुद्धा."

याला बारा दिवस झाले. नवा पेंढा येईल तेव्हा उडवी बांधापलीकडे रचायची ठरली आहे. कडी मनोजने उखडली. वाऱ्याने दार आपटलं, की महादू अजून दोन्ही हातांनी खाटेची कड धरतात. बाईजा पाणी भरायला जाते, पण दर चार पावलांनी मागे वळून बघते. धूर कुणाचा, कसला, हे कळेपर्यंत तिचं पाऊल पुढे पडत नाही.

पाड्यात आणखी चार राब भाजायचे आहेत. उद्या सकाळी सहाला दामू आपला पेटवणार आहे. त्याआधी साडेपाचला तो आणि बाईजा महादूंची खाट उचलून समाजमंदिराच्या ओट्यावर नेतील. राखेत हात घालून ती गार झाली असं बाईजा सांगेपर्यंत खाट तिथेच राहील.