डॉक्टरीणबाईंच्या मोटारीची नळी

पाथरीच्या बसस्टँडमागं सूर्यभान मिस्त्रींचं गॅरेज होतं. १९७४ साली डॉक्टरीण नर्मदाबाई आपली जुनी अमेरिकन मोटार घेऊन तिथं आल्या. तिचं स्टिअरिंग तेलाच्या दाबावर हलकं फिरायचं, पण तेलाची नळी गळू लागल्यापासून ते दगडासारखं जड झालं होतं. बाळंतपणांसाठी खेडोपाडी जाणाऱ्या बाईंचे खांदे भरून आले होते.

"नळी हैदराबादलाही मिळाली नाही. गाडी विकावी म्हणते," त्या म्हणाल्या.

"चार दिवस द्या, बाई. मी बघतो."

सूर्यभानांनी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची जाड नळी आणली. लांबी जुळली, पण टोकाचे नट बसेनात. मग परभणीला जाऊन, लेथपाशी उभं राहून त्यांनी नवे नट कातून घेतले. नळी बसवली, तेल भरलं, आतली हवा निघेपर्यंत स्टिअरिंग डावी-उजवीकडं फिरवलं आणि गाडीखाली कागद अंथरला. तासाभरानंही कागद कोरडा होता.

चौथ्या दिवशी गाडी न्यायला आलेल्या बाईंनी एका बोटानं स्टिअरिंग फिरवलं आणि त्या खुदकन हसल्या. तेवढ्यात सूर्यभानांची बायको मालनबाई भाकरी घेऊन आली.

"दोघं बसा, चक्कर मारून येऊ," बाई म्हणाल्या.

"मी कदी मोटारीत बसले न्हाई," मालनबाई संकोचली.

"मग पुढंच बसा."

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर बाईंनी वेग कमी केला आणि मालनबाईचा हात स्टिअरिंगवर ठेवला. तिनं जरा वळवताच ती लांबलचक मोटार अलगद वळली.

"लय हलकं हाय की," ती म्हणाली.

मागं बसलेले सूर्यभान हातातली भाकरी विसरून तिच्याकडंच बघत राहिले.