एका बाळाचं नाव सांगा

फोन उचलला तेव्हा पलीकडून नेहमीचंच वाक्य आलं, "मंत्री बोलतोय." आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "वहिनी गेल्या. पहाटे, झोपेतच..." माझी रिक्षा माजिवड्याच्या पुलाखाली अडकलेली होती. गाड्या हलू लागल्या तेव्हा मी रिक्षावाल्याला ठाण्याच्या ऑफिसऐवजी डोंबिवलीकडे घ्यायला सांगितलं.

बोलणारे जनार्दन केणी कधीच मंत्री नव्हते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले. मंत्रिपद त्यांना घरातच मिळालं होतं आणि ते देणाऱ्या होत्या त्यांच्या थोरल्या वहिनी, माजी आमदार चांगुणाताई केणी. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. शोकसभा झाल्या, फलकही उतरले. विधिमंडळाचं वार्तांकन करताना या बाईंना जवळून पाहता आलं, म्हणून हे टिपण.

केणींचं घर डोंबिवलीजवळ कोपरला, स्टेशनवरून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एकेकाळी या कुटुंबाची भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. आता दोन्ही जागांवर इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये जुनं बैठं घर, त्याच्या लांबलचक ओट्यासह, टिकून आहे. नवरा लवकर गेल्यावर चांगुणाताई आधी नगरसेविका झाल्या, मग आमदार. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पहिल्या अधिवेशनात त्यांनी पाण्यावर प्रश्न विचारला, मंत्र्यांनी हसत हसत उत्तर दिलं आणि त्या खाली बसल्या. घरी येऊन दिराला म्हणाल्या, "भाऊजी, माझा प्रश्न बरोबर होता. तरी मी हरले कशी?"

त्या संध्याकाळपासून ओट्यावरचं सभागृह सुरू झालं. प्रश्न सभागृहात पुकारला जायचा त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला जनार्दन हातांच्या खुर्चीत बसत. ती मंत्र्यांची खुर्ची. ताई पायरीखाली अंगणात उभ्या राहत, कारण सभागृहात प्रश्न उभं राहूनच विचारावा लागतो. आळीतली माणसं भिंतीला टेकून बसत. सरकारचं छापील उत्तर सकाळी हाती पडे, त्यामुळे ते आदल्या संध्याकाळी ओळखायचं काम जनार्दन यांचं. गावदेवीच्या जत्रेतल्या नाटकांत त्यांनी वर्षानुवर्षं खलनायक रंगवले होते. "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही", "माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल" ही वाक्यं ते अशा थाटात म्हणत की बायका बोटं मोडत. नियम एकच होता. मंत्री निरुत्तर झाला तर प्रश्न तयार. मंत्री जिंकला तर ताईंनी जेवणाआधी नवे उपप्रश्न शोधायचे. जनार्दन हरले की भिंतीकडून कुणीतरी ओरडे, "सरकार पडलं रे!" आणि सगळे चहाला उठत.

ताईंचा एक प्रश्न मात्र या ओट्यावर हरला आणि तसाच सभागृहात गेला. त्यांचं नाव आज ज्यामुळे घेतलं जातं, तो हाच प्रश्न.

जनार्दन यांची मुलगी सविता आंबिवलीच्या पुढच्या एका गावात दिलेली. त्या भागातल्या सरकारी रुग्णालयात नवं प्रसूतिगृह बांधून झालं होतं. उद्घाटन झालं, खर्चही दाखवला गेला. सविताला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा तिथे पोहोचली, तर दाराला कुलूप. रखवालदाराने ठाण्याला न्यायला सांगितलं. बाळ वाटेत रिक्षातच जन्मलं. मायलेकरं वाचली, पण सविताला पुढे बरेच दिवस ठाण्याच्या रुग्णालयात रक्त चढवावं लागलं. चौकशी केल्यावर कळलं, अशी ती एकटी नव्हती. सकाळी तपासणी व्हायची, बाळंतपणं व्हायचीच नाहीत. ताईंनी प्रश्न दिला. पक्षातल्या एका सहकाऱ्याने टोकलं, आंबिवली तुमच्या मतदारसंघात येत नाही. ताई म्हणाल्या, "कळा मतदारसंघ बघून येत नाहीत."

आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर होतो. खुर्चीत सविताचा बाप बसला होता आणि त्याने उत्तर दिलं, "हे खरे नाही. सदर प्रसूतिगृह कार्यरत आहे."

ताईंनी विचारलं, "डॉक्टर आहेत का?"

"पदे मंजूर आहेत."

"भरली आहेत का?"

"भरण्याची कार्यवाही सुरू आहे. तोवर पर्यायी व्यवस्था केलेली आहे."

"आजवर बाळंतपणं किती झाली?"

"माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल."

दारात कोलंबी सोलत बसलेल्या जनार्दन यांच्या पत्नी मालतीबाई उसळल्या. "अहो, काय बोलताय! सोताच्या पोरीचं झालं, त्ये पन नाय बोलता?"

"मी आता बाप नाय, मंत्री हाय," जनार्दन म्हणाले. "उद्या तो मंत्री काय सवीचा मामा लागतो? तो सोडील काय वहिनीला?"

भिंतीकडचं कुणी हसलं नाही. ताईंनी आणखी दोन-तीन प्रश्न टाकून पाहिले, जनार्दन यांनी तेही अडवले. शेवटी ताई पायरीवर बसल्या. जनार्दन खुर्चीतून उठले आणि कुणाकडे न पाहता आत गेले. त्या दिवशी सरकार पडलं नाही. चहा झाला, पण कुणी फारसा घेतला नाही.

सकाळी छापील उत्तर आलं. मी पत्रकार कक्षात वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. "हे खरे नाही. सदर प्रसूतिगृह कार्यरत आहे." जनार्दन यांचंच वाक्य. उपप्रश्न सुरू झाले. डॉक्टर? पदे मंजूर आहेत. भरली का? कार्यवाही सुरू आहे. मंत्री अनुभवी होते, शांत होते. समोरच्या बाकांवरून शेरा आला, "ताई, बसा आता!" ताई बसल्या नाहीत. हातातला कागद त्यांनी उलटा ठेवला. बाळंतपणं किती झाली, हा ओट्यावर वाया गेलेला प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

"अध्यक्ष महाराज, मला आकडा नको. आकडा पटलावर ठेवतात आणि तो तिथंच राहतो. प्रसूतिगृह कार्यरत आहे ना? मग तिथं जन्मलेल्या एका बाळाचं नाव मंत्रीमहोदयांनी सांगावं. एकाच."

अधिकाऱ्यांच्या कक्षात कागद उलटले गेले. एक चिठ्ठी खाली आली. मंत्र्यांनी ती वाचली आणि घडी घालून ठेवली. "माहिती घेऊन..." त्यांनी सुरुवात केली.

"नाव, महाराज. आमच्याकडे पोर जन्मलं की त्याला नाव ठेवतात."

सभागृह हसलं, सत्ताधारी बाकंही हसली. मंत्र्यांकडे पाहत अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न राखून ठेवण्यात येतो." याचा अर्थ, पूर्ण उत्तर घेऊन मंत्र्यांना याच अधिवेशनात पुन्हा उभं राहणं भाग होतं. उत्तर एकच असू शकत होतं आणि ते मंत्रालयात तयार होण्यासारखं नव्हतं. त्यासाठी कुलूप उघडावं लागणार होतं.

ते उघडलं. डॉक्टर रुजू झाले, परिचारिकांच्या पाळ्या लागल्या, वीजजोडणीचं अडलेलं काम पुरं झालं. अधिवेशन संपत आलं तेव्हा राखून ठेवलेला प्रश्न पुन्हा पुकारला गेला. मंत्री उभे राहिले. या वेळी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्याच खिशातून काढली.

"कुमारी आरोही," त्यांनी वाचलं. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका जोडप्याची मुलगी.

बाकं वाजू लागली, दोन्ही बाजूंची. ताई उभ्याच होत्या. आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं, "वजन किती?" मंत्र्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरी चिठ्ठी काढली आणि तेही सांगितलं. अध्यक्षांना हसू आवरेना. बाहेर आल्यावर मंत्री स्वतः ताईंना भेटले. "तुमची तयारी कोण करून घेतं हो?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "तुमच्याच खात्याचे मंत्री. कोपरला बसतात."

संध्याकाळी ओट्यावर "सरकार पडलं" ही आरोळी उशिराने, पण जोरात झाली. जनार्दन यांनी खुर्चीत बसूनच ती ऐकली आणि तोंडाला उपरणं लावलं. त्या दिवशी ते बाप होते.

प्रसूतिगृहातल्या मुख्य परिचारिकेला त्या धांदलीत वरून सारखे फोन येत होते, नाव कळवा, नाव कळवा. तिला वाटलं, ही कायमचीच पद्धत आहे. पुढच्या बाळाचं नाव तिने थेट प्रश्न विचारणाऱ्या आमदारांच्या घरी कळवलं. ताईंनी तिची चूक दुरुस्त केली नाही. फोन येत राहिले. सविताचं दुसरं मूल तिथेच झालं, त्याचंही नाव रीतसर कळवलं गेलं. पुढे ताई निवडणूक हरल्या, परिचारिका बदलून गेली. नवी आली, तिलाही पद्धत सांगून ठेवलेली होती. ताई ओट्यावर बसून नावं ऐकत. हल्लीची नावं एकदा ऐकून कळत नसत. "काय बोललीस? किआंश? बरं बरं. दूध पितो ना?" आमदारकी गेल्याची खंत आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, मंत्री गेले, सरकारं गेली. मला उत्तर अजून येतंय."

परवा कोपरला गेलो. अंगणात कुणी नव्हतं, पायरी झाडलेली होती. जनार्दन हातांच्या खुर्चीत बसले होते, मालतीबाई चहा घेऊन आल्या. बोलणं ताईंच्या आजारपणावरून गावच्या जत्रेवर गेलं. तेवढ्यात आतला फोन वाजला. जनार्दन उठले, घसा साफ केला.

"मंत्री बोलतोय. बोला, सिस्टर." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "मुलगी? वा. वजन?... चांगलं आहे. नाव?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. जनार्दन यांनी दाराबाहेर, पायरीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि त्या जुन्या थाटात, सावकाश म्हणाले,

"अजून ठेवलं नाही? हरकत नाही. बारसं झालं की कळवा. प्रश्न राखून ठेवण्यात येतो."