एकही हप्ता नसलेली बाई

आमच्या शिवणवालीने उभ्या आयुष्यात कर्ज काढलं नाही, आणि हे शहाणपण तिला मीच शिकवलं. पंधरा वर्षांपूर्वी ती शिलाई मशीन हप्त्यांवर घेणार होती. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत,’ असं म्हणत मी तिला झापलं. बिचारीने दोन वर्षं पोटाला चिमटा काढून ते रोखीने घेतलं. पुढे फ्रिज, मोबाइल, सगळं तसंच.

यंदा घरमालकाने तिची खोली विकायला काढली. ‘महिन्याभरात पैसे जमव, खोली तुझी,’ म्हणाला. मी मोठ्या तोऱ्यात तिला बँकेत घेऊन गेले.

साहेबाने संगणकात पाहिलं. ‘यांच्या नावावर काहीच दिसत नाही.’

‘दिसेल कसं? हिला फुटक्या कवडीचं देणं नाही!’

‘तीच तर अडचण आहे, आजी. कधी कर्ज घेतलंच नाही, तर फेडतील हे कशावरून? एखादी वस्तू हप्त्याने घेऊन वेळेवर फेडली असती, तरी भागलं असतं.’

मशीन आम्हा दोघींना एकदमच आठवलं असणार. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘जाऊ द्या बाई, तुम्ही भल्याचंच सांगितलंत.’ चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

खोली दुसऱ्याने घेतली. ती आता दोन बस बदलाव्या लागतात इतकी लांब राहायला गेली. परवा तिच्या मुलीने फोन केला, ‘आजी, नोकरी लागली. स्कूटर हप्त्यांवर घेऊ का?’

‘बँकेत विचार,’ मी म्हटलं. ‘मला विचारू नकोस.’