माझ्या जागी पुण्याला पाव्हणे गेले

पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं द्यायला-घ्यायला बसवलेली बाई, असा आमच्या संस्थेचा समज होता. मी त्या विषयाची पदवी घेतली होती, पुण्यात राहून, हॉस्टेलची पाणचट आमटी गिळून. पण ते सांगायला गेलं की समोरचा हसून म्हणायचा, "व्हय का? पुस्तकं द्यायला बी डिग्री लागती?" मी पुढे सांगणंच सोडून दिलं. आपलं काम भलं, म्हटलं.

आणि काम होतं. आमची अर्धी पोरं ऊसतोड करणाऱ्यांच्या घरातली. दसरा झाला की गावंच्या गावं ट्रकमध्ये चढायची आणि कारखान्यांकडे निघायची. पोरंही आईबापाबरोबर जायची. हजेरीचं प्राध्यापक सांभाळून घ्यायचे. पण पुस्तकांचं काय? लायब्ररीचा नियम सात दिवसांचा. देवळाली प्रवराकडच्या फडात ऊस तोडणारं पोरगं दर सात दिवसांनी पाथर्डीला पुस्तक बदलायला येणार होतं का? म्हणून आमच्याकडे एक रीत होती. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी घातलेली, मी चालू ठेवलेली. ह्या पोरांना निघायच्या आधी पुस्तकांचा अख्खा संच द्यायचा आणि कार्डावर तारखेच्या जागी पेन्सिलीनं लिहायचं, 'पट्टा'. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. हंगाम संपला की पुस्तकं परत. पुस्तकं यायची ती काजळी लागलेली, उसाच्या पाचटाचा वास मारणारी, खताच्या गोणीत गुंडाळलेली. एकदा एका पुस्तकाचं पुठ्ठ्यासकट टोक बैलानं चावलं होतं. पण यायची. शहरातल्या साहेबांच्या घरातून पुस्तक परत आणायला मला जास्त फेऱ्या माराव्या लागायच्या.

त्या पोरांतली एक मुलगी. तिसऱ्या वर्षाला होती, मराठी घेतलेलं. बुटकी, बोलायला फटकळ. पुस्तक मागताना कधी लाजली नाही. "मॅडम, हे नको, ह्यात नुसतं पाल्हाळ हाय, दुसरं द्या," असं तोंडावर सांगायची. मला तिचं हेच आवडायचं. पुढे बी.एड. करून मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. बापाशी ठरलेलं होतं, की ह्या वर्षी बी.ए. झाली तर पुढे शिकायचं, नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. बाप वाईट नव्हता. त्यानं तिला तिसऱ्या वर्षापर्यंत येऊ दिलं होतं, त्याच्या भावकीत एवढं कुणी केलेलं नव्हतं. पण त्याच्या मते धीर धरायचा तेवढा धरून झाला होता.

नव्वदी संपत आली होती. कॉलेजांच्या लायब्रऱ्यांना कॉम्प्युटर मिळायला लागले होते. आमच्याकडेही एक आला. काय त्याचा थाट! खिडक्यांना जाड पडदे लागले, खाली गालिचा, दारात नारळ फुटला, कॉम्प्युटरच्या काचेला हळदकुंकू. चपला बाहेर काढून आत जायचं. खोली लायब्ररीतलीच, माझ्या टेबलापासून चार पावलांवर, पण किल्ली प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

ती मुलगी तिसऱ्या वर्षाला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात पुण्याहून पत्र आलं, लायब्ररी कॉम्प्युटरवर कशी चालवायची याचं महिनाभराचं प्रशिक्षण आहे, तुमच्या ग्रंथपालांना पाठवा. ग्रंथपालांना, असं स्वच्छ लिहिलेलं. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, महिनाभर पोराचं तुम्ही बघा. ते मिरजगावला शाळेत शिक्षक होते, सुट्टीच होती. म्हणाले, "जा की! ही संधी परत थोडीच येतेय." पोराच्या आजीनंही बॅग काढून दिली.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एरवी मला उभ्या उभ्या बोलायचे.

"बाई, महिनाभर तुम्ही राहणार कुठं? लेकरू लहान आहे तुमचं."

"सर, राहायची सोय तिकडेच आहे. घरी विचारलंय मी."

"तसं नाही. ह्या यंत्रांचं फार किचकट असतं. आणि खरं सांगू का, तुम्हा लोकांना सरकारनं खूप दिलंय. जरा दुसऱ्यांनाही पुढं येऊ द्या."

तुम्हा लोकांना! माझ्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, माझ्या वडिलांनी आयुष्यभर नगरच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापलं, मी स्वतःच्या मार्कांवर शिकले. आणि ह्या गृहस्थांना एका प्रशिक्षणात सरकारनं मला दिलेलं दिसत होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. "सर, दुसरे म्हणजे कोण?" मी विचारलं. त्यांनी चहाच्या कपात बघत नाव सांगितलं.

संस्थेच्या सचिवांचे मेहुणे. सगळं कॉलेज त्यांना पाव्हणे म्हणायचं. पाव्हणे ऑफिसात कुठल्याशा टेबलावर बसायचे. टेबलाचं काम काय हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यांनी लायब्ररीत पाय ठेवलेला मी एकदाच पाहिला होता, दिवाळी अंक मागायला. पुण्याच्या पत्रात ग्रंथपाल हवा होता, म्हणून एका सहीनं पाव्हणे सहायक ग्रंथपाल झाले. मला सहायक मिळाला, तोही असा! मी लेखी विरोध केला. त्या कागदाचं पुढे काय झालं देव जाणे.

महिन्यानं पाव्हणे आले. शाल, श्रीफळ, सत्कार. भाषणात म्हणाले, "आता आपली लायब्ररी जगाच्या बरोबरीला आली." टाळ्या. मीही वाजवल्या, वाजवाव्या लागतात. कॉम्प्युटरची किल्ली पाव्हण्यांच्या कमरेला गेली. माझ्या लायब्ररीत आत जायला मी चपला काढून दार वाजवायचे, आणि आतून आवाज यायचा, "जरा थांबा बाई, मशीन गरम झालंय."

पोरं कारखान्यांकडे निघायच्या आधी मी पाव्हण्यांना शांतपणे, अगदी दादा-बाबा करून समजावलं. म्हटलं, "ह्या मुलांना सात दिवस लावू नका. ह्यांना पट्टा पडेपर्यंत मुदत असते आपल्याकडे. तशी कॉम्प्युटरला सांगून ठेवा."

पाव्हणे असे हसले, जसं काही मी कॉम्प्युटरला पुरणपोळी भरवायला सांगितलं होतं. "बाई, त्यात तसं बसत नसतंय. कॉम्प्युटरला सगळी पोरं सारखी. सात म्हणजे सात."

"मग ह्यांची नोंद कार्डावरच राहू द्या."

"कार्डं बंद. सरांची ऑर्डर हाय."

मी पुस्तकं दिलीच. त्या मुलीला तर दोन जास्त दिली. तिनं नेहमीसारखी गोणीत बांधली आणि म्हणाली, "मॅडम, फॉर्म भरायला येते एक दिवस. मग डायरेक परीक्षेला." कार्डावर मी माझ्या हातानं 'पट्टा' लिहिलं. पाव्हण्यांनी आत जाऊन कॉम्प्युटरला सात दिवस सांगितले.

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले, थंडीत. ती आली. रात्रभर जीप आणि एसटीनं, बापाबरोबर. हाताला उसाच्या पानांनी चिरलेलं होतं, त्यावर चिंधी. फॉर्मबरोबर लायब्ररीचा दाखला लागायचा, की हिच्याकडे काही बाकी नाही. आजवर तो मी लिहून द्यायचे, संच नेलेल्या पोरांनाही. आता तो पाव्हण्यांच्या खोलीतून छापून निघायचा. पाव्हण्यांनी बटणं दाबली आणि मान हलवली. "हिची पुस्तकं तीन महिन्यांपासून थकलीत. आधी पुस्तकं जमा कर."

"पुस्तकं कोपीवर हायेत," ती म्हणाली. कोपी म्हणजे फडाजवळची त्यांची पाचटाची खोपटी. "मॅडमनीच दिलीत. अजून अभ्यास व्हायचाय माझा."

मी आत घुसले. त्या दिवशी चपला काढल्या नाहीत. म्हटलं, "पुस्तकं मी दिलीत, जबाबदारी माझी. दाखला काढा."

"बाई, कॉम्प्युटर न्हाई म्हणतोय तर मी काय करू?"

"तुम्ही त्याला सांगा!"

"त्याला सांगता येत नसतंय हो."

मी हातानं दाखला लिहून दिला. ऑफिसातल्या कारकुनानं तो दोन बोटांत धरून परत केला. छापील पाहिजे, सरांची ऑर्डर. सर कुठे? सर मुंबईला, संस्थेच्या कामाला. सचिवांना फोन लावला, ते म्हणाले, "आमच्या पाव्हण्यांनी ट्रेनिंग घेतलंय, त्यांना जास्त कळतं. तुम्ही त्यात पडू नका." मी म्हटलं, मी नाही पडायचं तर कोणी पडायचं? तोवर फोन ठेवलेला होता.

बाप बाहेर वऱ्हांड्यात उकिडवा बसला होता. मी त्याला म्हटलं, "दादा, अजून मुदत आहे. पुस्तकं घेऊन या, मी स्वतः उभी राहून फॉर्म भरते." त्यानं मुंडासं काढून परत बांधलं. "मुकादमानं आजचा एकच दिस दिलाय, बाई. ह्यो बी हातापाया पडून. परत न्हाई सोडायचा तो." मग मुलीकडे बघून म्हणाला, "चल. एसटी जाईल."

ती रडली वगैरे नाही. फटकळ पोरगी ती. जाताना मला म्हणाली, "मॅडम, तुमीच का न्हाई शिकला ते मशीन?"

काय सांगणार होते मी तिला? प्राचार्यांचा चहा सांगू? "तुम्हा लोकांना" सांगू? तेवढ्यात तिच्या एसटीची वेळ झाली. पुस्तकं घेऊन ती परत येईल म्हणून मी शेवटच्या तारखेपर्यंत ऑफिसच्या दारात घिरट्या घालत होते. कुणी आलं नाही. प्राचार्य मुंबईहून आले, सगळं ऐकलं, म्हणाले, "एवढं काय, पुढच्या वर्षी बसेल." पुढच्या वर्षी! ह्यांच्या घरातल्या पोरीचं असं वर्ष गेलं असतं म्हणजे ह्यांनी विद्यापीठ डोक्यावर घेतलं असतं. मी तोंडावर म्हटलं तसं. मला मेमो मिळाला. घ्या!

पट्टा पडल्यावर तिचा बाप एकटाच आला. पुस्तकं घेऊन. सगळी, मी दिलेली दोन जास्तीचीसुद्धा. गोणीतून एकेक काढून टेबलावर ठेवली, मोजायला लावली. "लगीन जमलं," म्हणाला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडण्याच्या लायकीची माणसं पडद्याच्या खोलीत बसली होती, आणि त्यानं तर पुस्तकं वेळेवर आणली होती.

पुढे पाव्हण्यांना संस्थेच्या नव्या डी.एड. कॉलेजात मोठं टेबल मिळालं आणि कॉम्प्युटर अनाथ झाला. तिचं लग्न होऊन ऊसतोडीचा एक हंगाम उलटला, त्या उन्हाळ्यात पुण्याहून पुन्हा पत्र आलं. आता प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्हीच जा." उपकार केल्यासारखं. नको म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण का म्हणून? जागा माझी होती. गेले.

शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, चटपटीत. समोर प्रत्येकाला कॉम्प्युटर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावर एक चौकट उघडली आणि सांगितलं, "इथे वाचकांचे गट करायचे. प्राध्यापकांना वेगळी मुदत, विद्यार्थ्यांना वेगळी, हवी तर एखाद्या गटाला सहा महिने. आकडा बदलायचा, बस." त्यांनी आकडा बदलून दाखवला. पाणी पिऊन होईपर्यंत झालंसुद्धा.

मी हात वर केला. "मॅडम, हे दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीलाही शिकवलं होतं?"

"हो तर. पहिल्याच आठवड्यात."

मी कॉलेज सांगितलं, पाव्हण्यांचं नाव सांगितलं. त्यांनी जरा आठवलं. "हां, ते. ते सुरुवातीला दिसले, मग सकाळी सही करून जायचे. पुण्यात त्यांची काही कामं होती म्हणे."

"आणि सर्टिफिकेट?"

"ते सगळ्यांनाच देतात हो."

वर्गात लोक वळून बघायला लागले. मी उभीच राहिले. म्हटलं, "त्या खुर्चीवर मी बसायची होते. हा एक आकडा आमच्याकडे कुणाला बदलता आला नाही, म्हणून माझ्या एका मुलीला परीक्षेला बसू दिलं नाही." आणि मग सगळं सांगितलं. आवाज चढला, चढू दिला.

मॅडम बिचाऱ्या कॉम्प्युटर सोडून माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचा काय दोष? म्हणाल्या, "मग आता काय करते ती?"

"ऊस तोडते," मी म्हणाले. "नवऱ्याबरोबर."