हजेरीतलं नाव

माझी मुलगी चौथीत गेली तरी तिनं शाळा पाहिली नव्हती. तिला मान धरता येत नाही, बोलता येत नाही. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचं नाव होतं. ती सहा वर्षांची असताना गुरुजी घरी येऊन लिहून घेऊन गेले होते. दर मंगळवारी राधानगरीहून विशेष शिक्षिका स्कूटीवरून यायच्या, तिचे हातपाय हलवून घ्यायच्या, चित्रं दाखवायच्या आणि माझी सही घ्यायच्या. मी करायचे. दूध तापवावं तशी सही.

एका मंगळवारी बाई सहज म्हणाल्या, "ताई, वर्गात हिचं नाव रोज पुकारतात, ठाऊक आहे ना?"

"मग हजर कोण म्हणतंय?"

"पोरंच ओरडतात, घरी हाय म्हणून."

मला काही वाटलं नाही. पण भात लावताना नवऱ्याला म्हणाले, "हिला एकदा शाळेत न्यायची."

"काय कळणार हाय तिला?"

"न्हाई कळलं तर न्हाई."

शनिवारी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली. तिला मध्ये घेऊन ओढणीनं माझ्या पोटाशी बांधलं. शाळेच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावर पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती. गुरुजी ओशाळून पोती ओढायला लागले. "ऱ्हाऊ द्या की गुरुजी," म्हणत नवऱ्यानं तिला उचललं आणि पायऱ्या चढला.

मी भिंतीला टेकून बसले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. पोरांनी थोडा वेळ टक लावून पाहिलं, मग कंटाळली.

हजेरी सुरू झाली. तिचं नाव आलं आणि सगळा वर्ग सवयीनं एका सुरात ओरडला, "घरी हाय!"

गुरुजींचं पेन थांबलं. पुढं बसलेली दोन वेण्यांची एक मुलगी मागं वळली. "न्हाई ओ गुरुजी, हितं हाय की!"

सगळे हसले. त्या गलक्यानं माझी मुलगी दचकली, हात ताठ केले आणि घशातून आवाज काढला. भूक लागल्यावर वाटीचा आवाज ऐकून ती असाच काढते.

"हजर," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

दारात उभा असलेला नवरा तोंड पुसत होता. मलाही रडू यायला हवं होतं, असं वाटलं. मी दहाच्या आत तिचा लंगोट बदलायचा, एवढाच विचार करत होते.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी गेलो. दोन वेण्यांची ती मुलगी शेजारी बसून तिची लाळ पुसायची, कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पाठपुरावा करून पट्ट्याची खुर्ची मिळवली. खुर्ची तिच्या मापाला बरोबर बसली.

गावात शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तिचं नाव शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेलं. तिथं पाचवी वरच्या मजल्यावर भरते. मुख्याध्यापक म्हणाले, "वर्ग खाली आणता येतोय का बघतो, वहिनी."

अजून बघतायत.